सोन्याच्या तबकडीवरचा करकोचा

खूप जुनी गोष्ट आहे. एवढी जुनी, की त्या राज्याचा राजा कोण होता हेही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात लोक मनगटावर घड्याळे बांधत. तेव्हा कुठली आली मनगटी घड्याळे, असे तुमच्यापैकी कुणी विचारेल. गोष्टीतल्या राज्यात होती. तेवढे मान्य करा, म्हणजे पुढे जाता येईल.

त्या राज्यात घाटाच्या माथ्यावर घड्याळांचा एक कारखाना होता. तिथल्या घड्याळाचे नुसते बाहेरचे घरच सोन्याचे नसे, आतली तबकडीसुद्धा सोन्याची असे. रंग नाही, मुलामा नाही, सोन्याचा एकसंध जाड पत्रा. त्याच्यावर कारागीर छिन्नीने आकडे कोरत. सकाळच्या उन्हात तबकडी जरा तिरकी धरली, की आकडे पाण्यातल्या मासोळ्यांसारखे चमकून जात. पुढे कारखाना बंद पडला, कारागीर पांगले. घड्याळे तेवढी राहिली, बापाकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जात राहिली.

या घड्याळांच्या खरेदी-विक्रीचा एक रिवाज होता. त्याला लोक ‘एक रेघ’ म्हणत. सौदा ठरला की घेणारा आणि देणारा मिळून सराफाकडे जात. सराफ काच काढी, काटे उचली, तबकडी सोडवी आणि तिच्या पाठीची एक बारीक रेघ कसोटीच्या काळ्या दगडावर ओढी. रेघेच्या रंगावरून सोने खरे की खोटे ते कळे. मग दोघे एकमेकांना विडा देत आणि तो विषय तिथेच संपे. त्यानंतर त्या तबकडीला पुन्हा दगड लावायचा नाही. लावणे म्हणजे देणाऱ्याला तोंडावर लबाड म्हणणे. आणि घड्याळ कुणी भेट म्हणून दिले असेल, तर ती एक रेघसुद्धा ओढायची नाही. कारण भेट देणाऱ्याला कुणी पावती मागत नाही.

घाटाखालच्या पेठेत वेलदोड्यांचा एक व्यापारी राहत असे. सगळे त्याला शेट म्हणत. शेटला या जुन्या घड्याळांचे वेड होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. तो घड्याळे तिजोरीत कोंडून ठेवत नसे. रोज सकाळी काळ्या घोंगडीवर ती मांडी, एकेकाला चावी देई, कानाशी धरून ऐके आणि त्या दिवशी ज्याची पाळी असेल ते मनगटावर बांधून दुकानात जाई. गिऱ्हाइकाने वेळ विचारली की त्याचा चेहरा खुले.

निम्मी घड्याळे त्याला त्याच्या बालमित्राने शोधून दिली होती. हा मित्र घोड्यांचा व्यापारी. जत्रा-जत्रांतून फिरणारा, मोठ्याने हसणारा. घोडे विकता विकता गावोगावच्या मनगटांवर त्याची नजर असे.

शेटच्या घोंगडीवर सगळ्यांत लाडके घड्याळ एकच होते. कारखान्यातल्या शेवटच्या कारागिराने म्हातारपणी दोन घड्याळे केली होती. एकाच्या तबकडीवर पाण्यात उभा असलेला करकोचा, उजवीकडे बघणारा. दुसऱ्यावर तसाच करकोचा, डावीकडे बघणारा. शेजारी शेजारी ठेवली की दोघे एकमेकांकडे बघतात, असे शेट ऐकून होता. पहिले घड्याळ कारागिराने विकले होते. या हातातून त्या हातात फिरत ते शेटकडे आले होते. दुसरे त्याने आपल्या मुलीच्या मनगटावर बांधले होते. ती मुलगी आता घाटावरच्या वाडीतली आजी झाली होती.

ती जोडी एकत्र बघावी, एवढी एकच इच्छा शेटच्या मनात उरली होती.

एके दिवशी घोडेवाला आला आणि ओसरीवर बसता बसता म्हणाला, “शेट, तुझं काम होतंय असं दिसतं.”

“आजी विकणार?”

“ती कसली विकते. विकत मागायला गेलेल्या एकाला तिनं ताक पाजलं आणि वाटेला लावलं. विकणार नाही, देणार आहे.”

“देणार? कुणाला?”

“तिला मूलबाळ नाही. तिच्यामागं घड्याळ कुणाकडं जायचं याचा तिला घोर लागलाय. मी म्हटलं, आजी, तुमच्या करकोच्याचा जोडीदार माझ्या दोस्ताकडं आहे. बायकोपेक्षा जास्त जपतो.”

आतून शेठाणीबाई म्हणाल्या, “भावजी, हे मात्र खरं बोललात.”

घोडेवाला हसला. “ती म्हणाली, नाचणीची काढणी उरकू दे, मग येते बघायला. माझ्या बाबांचं काम नीट नांदत असेल तर हेही तिथंच ठेवीन.”

शेटने त्याच दिवशी घोंगडीवर उजव्या बाजूला एका घड्याळाएवढी जागा मोकळी करून ठेवली. बाकीची घड्याळे सरकवून घेतली, पण त्या जागेवर काही ठेवले नाही.

इथपर्यंत सगळे छान होते.

मग पेठेत एक बातमी आली. शेजारच्या गावच्या जहागीरदाराकडचे एक घड्याळ खोटे निघाले. कुणा ठकाने पितळेची तबकडी करून तिच्या पाठीला खऱ्या सोन्याचा पत्रा बसवला होता आणि पुढून मुलामा दिला होता. सराफाने रिवाजाप्रमाणे पाठीची रेघ ओढली, ती सोन्याची निघाली, विडे झाले. पुढे कितीतरी काळाने तबकडीच्या तोंडावर हिरवट डाग पडला तेव्हा कुठे सोंग उघडे पडले. पेठ महिनाभर हसत होती. जहागीरदार बाजारातून गेला की पोरेसुद्धा त्याला वेळ विचारत.

शेटला वाटले, आपल्यालाही असेच हसले तर? घोंगडीवर एवढी घड्याळे आहेत. सगळ्यांची पाठच तेवढी तपासलेली आहे. तोंडे कुणी तपासली?

त्याने सराफाकडून एक कसोटीचा दगड विकत आणला. वेलदोड्यांच्या गोणीत लपवून आणला, कारण रिवाज त्यालाही ठाऊक होता. मग दुपारी दुकान मिटल्यावर माजघरापलीकडच्या खोलीत बसून त्याने सगळ्यांत साध्या घड्याळाची तबकडी सोडवली आणि कडेला, जिथे दिसणार नाही अशा जागी, तोंडाच्या बाजूने एक रेघ ओढली.

रेघ सोन्याची निघाली. शेटने सुटकेचा श्वास टाकला. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मनात आले, वरचा थर सोन्याचा आहे हे कळले. खालच्याचे काय? मुलामा जाड असेल तर पहिल्या रेघेत तो सरणारच नाही. म्हणून त्याने त्याच जागी आणखी एक रेघ ओढली. तीही सोन्याची निघाली. पण मग तीही वरचीच झाली की.

नीट लक्ष द्या, कारण शेट नेमका इथेच फसला. जेवढे सोने खरे ठरत होते तेवढे दगडावर जात होते. आणि जे तबकडीवर उरत होते ते अजून ठरायचेच होते. दगड कितीही घासला तरी हा हिशेब बदलणार नव्हता. पण भीती बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. त्याला वाटते, अजून एकदाच, मग खात्री होईल.

एक घड्याळ झाले, मग दुसरे, मग तिसरे. आधी कडा झिजल्या. मग आकड्यांच्या रेषा पुसट झाल्या. पाचाचा आकडा पुसला गेला, नवाचे नुसते पोट राहिले. शेट घड्याळे पुन्हा जुळवून घोंगडीवर मांडी, पण आता मनगटावर बांधेना. न तपासलेले कसे बांधणार? आणि तपासून कधीच संपत नव्हते.

ती सवय खोलीतच राहिली नाही. तो गड्याला विचारी, “दार लावलंस?” गडी हो म्हणे. शेट उठून बघे, आणि परत येऊन विचारी, “नक्की लावलंस?” जेवताना विचारी, “आमटीत मीठ घातलंय ना?”

शेठाणीबाई म्हणाल्या, “घातलंय. नसेल पटत तर वाटी घेऊन जा आणि दगडावर घासून बघा.”

शेट दचकला. त्याला वाटत होते, दगडाचे गुपित घरात कुणाला ठाऊक नाही.

काढणीचे दिवस जवळ आले. घोडेवाला सांगायला आला तर शेट ओसरीवर नव्हता. घोडेवाला घरचाच, तो सरळ आत गेला. बघतो तर शेट पाठमोरा बसलेला, समोर काळा दगड आणि दगडावर पिवळ्या रेघांची दाटी.

घोडेवाला दगडाकडे बघत जवळ आला. मग खाली बसला.

“मी घोडा घेताना दात बघतो,” तो म्हणाला. “पण एकदाच. रोज तोंडात हात घातला तर घोडा चावतो.”

“तुला ते जहागीरदाराचं ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. पण हे घड्याळ जहागीरदारानं दिलं नव्हतं, मी आणून दिलं होतं. तेही. आणि ते पलीकडचंही.”

“तुझ्यावर संशय नाही रे. घड्याळावर आहे.”

“घड्याळाला काय कळतंय? ऐकून तर मीच घेतोय.” घोडेवाला उठला. दारात थांबून त्याने विचारले, “करकोच्याला तरी नाही ना लावलास?”

“नाही.”

त्या दिवसापर्यंत हे खरे होते.

“मग आता लावू नकोस. आजी पुढच्या बाजाराच्या दिवशी उतरणार आहे. तिच्या बापाच्या हातचं काम आहे ते. ती तेच बघायला येतेय.”

मित्र गेला आणि शेट एकटा राहिला. त्याने ठरवले होते, करकोच्याला हात लावायचा नाही. पण मग त्याच्या मनाने एक नवीनच पेच काढला. आजी कारागिराची मुलगी. तिला खरे-खोटे क्षणात कळणार. हा करकोचा कुणीतरी केलेली नक्कल असला तर ती आपल्या ओसरीवर बसून हसेल, आणि आपले घड्याळ परत घेऊन जाईल. म्हणजे जोडी व्हायची असेल, तर ती येण्याआधी खात्री करून घेणे आलेच.

बघा, भीती किती शहाण्यासारखी बोलते ते.

त्याने पाठ तपासली. सोने. कड तपासली. सोने. तोंडाचा एक कोपरा तपासला. सोने. करकोच्याच्या पायाखाली पाण्याच्या तीन लाटा कोरलेल्या होत्या, त्यांतली एक गेली, मग उरलेल्याही गेल्या. सगळीकडे सोनेच निघत होते. शेट घामाघूम झाला. आता तपासायचा राहिला होता फक्त करकोचा. लपवायचे असेल तर ठक पितळ नक्षीखालीच लपवेल, नाही का?

तेवढ्यात दगड बोलला. या गोष्टीत दगड बोलतो, कारण शेटशी बोलायला त्या खोलीत दुसरे कुणी येईनासे झाले होते.

“मला एक विचारायचंय,” दगड म्हणाला. “तुला काय ऐकायचंय माझ्याकडून?”

“हे घड्याळ खरं आहे की नाही ते.”

“माझ्या अंगावर जे आलं ते खरं आहे. सगळं खरं आहे. तुझ्याकडं जे उरलंय त्याचं मला कसं कळणार? ते माझ्याकडं आलेलंच नाही.”

“मग ते दे घासून.”

“मी तर जागचा हलतही नाही. घासतोस तू.”

शेटला दगडाचे म्हणणे कळले. अगदी स्वच्छ कळले. पण कळणे वेगळे आणि हात थांबणे वेगळे. त्याने तबकडी पुन्हा दगडावर ठेवली.

बाजाराच्या दिवशी आजी तट्टावर बसून घाट उतरून आली. लगाम धरून घोडेवाला पुढे चालत होता. शेठाणीबाईंनी पाय धुवायला पाणी दिले, गूळ दिला. आजी लहानखुरी होती, हात नाचणीच्या कामाने काळवंडलेले, आणि त्या काळ्या मनगटावर सोन्याचे घड्याळ असे शोभत होते, की शेट बघतच राहिला.

आजीने पट्टा सोडून ते घोंगडीवरच्या मोकळ्या जागेत ठेवले. डावीकडे बघणारा करकोचा, एक पाय उचललेला, मानेवर पिसांच्या रेषा. इतक्या वर्षांत काच ओरखडली होती, पण तबकडी जशीच्या तशी होती.

“आण तुझं,” आजी म्हणाली. “बघू दे दोघं कशी दिसतात.”

शेटने आपले घड्याळ आणून शेजारी ठेवले.

तबकडी गुळगुळीत होती. आकडे नव्हते, पाणी नव्हते, करकोचा नव्हता. वरच्या बाजूला चोचीचे टोक तेवढे राहिले होते. काटे त्या कोऱ्या सोन्यावरून फिरत होते, आणि नेमके किती वाजले ते मात्र कुणालाच सांगता आले नसते.

घोडेवाल्याने मान खाली घातली.

आजीने काचेवरून बोट फिरवले. “इथं पाणी होतं,” ती म्हणाली. “इथं पाय. बाबांनी हा पाय दोनदा कोरला होता. पहिल्यांदा जाड झाला म्हणाले.”

“सोनं अस्सल आहे, आजी,” शेट घाईने म्हणाला. “मी पूर्ण खात्री करून घेतली.”

“झाली खात्री?”

शेट खोटे बोलणारा माणूस नव्हता. त्याने मान हलवली. “थोडी राहिलीय.”

आजी बराच वेळ त्या चोचीच्या टोकाकडे बघत राहिली. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि आपले घड्याळ उचलून शेटच्या तळहातावर ठेवले.

“व्हायचं ते झालं, लेका. भ्यायला होतास, दिसतंय. माणूस भितो कधीकधी. हे तरी नीट ठेवशील? मी देऊन टाकते तुला.”

एवढे झाल्यावरही ती देत होती. शेटच्या डोळ्यांत पाणी आले. घड्याळ आजीच्या मनगटाच्या उबेने अजून कोमट होते. ज्यासाठी त्याने इतकी वर्षे वाट पाहिली ते आता त्याच्या हातात होते. फक्त मूठ मिटायची होती.

आणि नेमके तेव्हाच त्याच्या मनात आले, गरीब कारागिराने स्वतःच्या मुलीसाठी केलेले घड्याळ. त्याला एवढे सोने कुठून परवडले असेल?

त्याच्या अंगठ्याने घड्याळ आपोआप पालथे केले. त्याची नजर आतल्या खोलीकडे गेली.

“अहो,” शेठाणीबाई हळूच म्हणाल्या.

“एकच रेघ, आजी,” शेट म्हणाला. “तुमची हरकत नसेल तर. एकच.”

आजी रागावली नाही. तिने हात पुढे केला, आणि शेटने घड्याळ तिच्या हातावर परत ठेवले. दुसरे तो काय करू शकत होता?

“मला विचारशील तर,” आजी पट्टा बांधता बांधता म्हणाली, “हे सोनं आहे की पितळ, मलाही ठाऊक नाही. बाबांनी बांधलं, मी घातलं. सकाळी चावी देते, शेळ्या सोडते. हे आतून काय आहे ते बाबांना विचारावं, असं मला कधी वाटलंच नाही.” मग ती घोडेवाल्याकडे वळली. “चल रे. उन्हं उतरायच्या आत घाट चढू.”

तट्टू पेठेतून निघाले. शेट दारात उभा राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत होता. तिने मागे वळून पाहिले असते, तर तो कदाचित धावत गेला असता. तिने पाहिले नाही.

त्यानंतर शेटने दगड हातात घेतला तेव्हा त्याला दिसले, की दगडावर काळा रंगच उरलेला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो पिवळा झाला होता. आता त्याच्यावर सोने घासा नाहीतर पितळ, रेघ ओळखूच आली नसती. शेटने घोंगडीवरच्या घड्याळांना सवयीने चावी दिली. सगळी चालत होती, टिकटिक अगदी नियमित होती. एकाच्याही तोंडावर वेळ नव्हती. उजवीकडची जागा मोकळीच राहिली.

घोडेवाला पुढेही येत राहिला, कारण जुनी मैत्री एकदम तुटत नाही. चहा घेई, जत्रेच्या गमती सांगे. पण कुठल्या गावात कुणाच्या मनगटावर काय दिसले, हे त्याने शेटला पुन्हा कधी सांगितले नाही, आणि शेटनेही विचारले नाही.

पुढच्या काढणीला आजी थकली होती. तिने घोडेवाल्याला बोलावून ते घड्याळ त्याच्या मनगटावर बांधले. घोडेवाला ते घालून उन्हापावसात जत्रा फिरला, घोड्यांच्या पाठी चोळल्या, सौदे केले. कुणी विचारले, हे खरे सोने आहे का, तर तो म्हणे, “आजीनं दिलंय,” आणि पुढे चालू लागे. त्याच्यामागे ते त्याच्या मुलीकडे गेले, तिच्यामागे आणखी कुणाकडे. त्या करकोच्याखाली सोने आहे की पितळ, हे आजपर्यंत कुणालाही माहीत नाही. करकोचा मात्र अजून दिसतो.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे उभे राहून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एवढेच लक्षात ठेवा: पारख एकदा करावी आणि मग विश्वास ठेवावा, कारण रोज पारखत राहिले तर खरे असलेलेही आपल्याच हाताने झिजून जाते.